अनुमान : ऑइल शुद्ध झाले

नेरूळला मामांच्या घरात बसायला खुर्च्या दोन होत्या आणि खाली गाडी एक. दोनपेक्षा जास्त पाहुणे आले की मामा त्यांना घेऊन खाली जायचे, गाडीची चारही दारं उघडायचे आणि सगळ्यांना आत बसवून गप्पा मारायचे. मामी तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून विचारायची, "चहा वर घेता का गाडीत?" उत्तर बहुतेक वेळा "गाडीत" असंच यायचं. परतूरकडून आलेल्या आमच्या एका चुलत आजोबांनी तर मागच्या सीटवर दुपारची झोप काढली आणि गावी परत गेल्यावर सांगितलं, की दौलतच्या गाडीतून सगळी मुंबई फिरून आलो. त्या दुपारी गाडी जागची हललीही नव्हती.

मी बी.एस्सी. होऊन मामांकडे आलो तो नोकरी मिळेपर्यंत राहायला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. वडील रस्त्याच्या कामावर खडी टाकायला होते. मामा स्वतः सातवी शिकलेले, बंदराच्या एका कचेरीत शिपाई म्हणून चिकटले आणि हळूहळू कारकून झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. "नोकरी मिळेपर्यंत" हे पुढे दीड वर्ष चाललं. त्या दीड वर्षात मामीनं मला एकदाही विचारलं नाही की इंटरव्ह्यूचं काय झालं. ताटात भाकरी टाकताना ती फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि चेहरा पडलेला दिसला तर ठेचा जास्त वाढायची. त्या काळात मी खूप ठेचा खाल्ला.

सकाळी घरात तीन आवाज ठरलेले असायचे. पहिला मामीच्या हातावर भाकरी थापण्याचा. दुसरा सारसोळ्याहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या मावशींचा, "जवलाय गो, बोंबील हाय" असा. तिसरा गाडीचा. बरोबर सात वाजता मामा अंघोळ करून, कपाळावरचं पाणी पुसत खाली जायचे, गाडी सुरू करायचे आणि पाच मिनिटं स्टिअरिंग धरून जागीच बसून राहायचे. "इंजिनाला जाग आली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. पाच मिनिटांनी गाडी बंद करून तिच्यावर कापड घालायचे आणि बसनं ऑफिसला जायचे. गाडी रस्त्यावर यायची ती रविवारी, मार्केटपर्यंत. अंतर एवढं, की मामीला भाजीची यादी आठवेपर्यंत मार्केट यायचं. तेही दुसऱ्या गिअरमध्ये. तिसऱ्या गिअरबद्दल मामांना आदर होता, पण त्याच्याशी ओळख नव्हती.

ही गाडी त्यांनी ऑफिसातल्या एका निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून घेतली होती. आमच्या सगळ्या भावकीतली ती पहिली चारचाकी. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, प्लास्टिकच्या कव्हरात. मामांनी ती जपून शोकेसमध्ये ठेवली होती. आता आमच्याकडे पावसाळ्यात वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं एकेक प्रकरण मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. त्या वर्षी वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचो आणि मामा-मामी चटईवर बसून ऐकायचे. वर्षावास संपला, ग्रंथाचं वाचन पूर्ण झालं, खीर झाली. पण मामांना संध्याकाळच्या वाचनाची सवय लागली होती. चार दिवस ते नुसतेच चटईवर येऊन बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, "मिलिंदा, ते गाडीचं पुस्तक काढ. ते तरी कोनी वाचलंय?"

तेव्हापासून मी रोज दोन पानं वाचू लागलो. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि त्याचं मराठी करून सांगायचं. मामी गवार मोडत ऐकायची. वायपरचं प्रकरण झालं, दिव्यांचं झालं आणि एका संध्याकाळी आम्ही इंजिन ऑइलवर आलो. दर पाच हजार किलोमीटरला किंवा दर सहा महिन्यांनी, यांतलं जे आधी होईल तेव्हा, इंजिन ऑइल बदलावे, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं.

"आपल्याकडं आल्यापासून गाडी किती चालली?" मामांनी विचारलं.

मी आदल्या रविवारी आकडा बघितला होता. "शंभराच्या आसपास."

"मग अजून लई वेळ आहे."

"पण मामा, सहा महिने होत आलेत."

"सहा महिने त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी पळती. आपली उभी असती. बसल्या जागी ऑइलला काय होतं? डब्यातलं तेल खराब होतं का?"

"होतं की," मामी म्हणाली. "खवट होतं."

"ते खायचं तेल. तू गवार मोड."

आज कुणी मला विचारलं की या चर्चेत सगळ्यात बरोबर कोण होतं, तर मी मामीचं नाव सांगेन. पण तेव्हा मला दोघांचंही पटत होतं. पुस्तक खोटं कसं म्हणायचं, हा एक पेच. मी छापील अक्षराला फार मानणारा होतो आणि अजूनही आहे. दुसरा पेच असा, की मामांना खर्चात पाडायचं तर ते मी कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांच्याच घरात बसून ठेचा खाणारा मी.

वाट मला मामीनंच दाखवली, तिच्याही नकळत. सणाला पुऱ्या, कुरडया तळून झाल्या की ती कढईतलं तेल रात्रभर निवू द्यायची आणि सकाळी जुन्या मलमलच्या तुकड्यातून गाळून बरणीत भरायची. खालचा काळा गाळ फडक्यात राहायचा आणि बरणीत पिवळं, नितळ तेल पडायचं. तिच्या घरात तेल टाकून देणं हे पाप होतं. मी ते बघत उभा होतो आणि माझ्या डोक्यात कॉलेजची प्रयोगशाळा उभी राहिली. निवळणे, ओतणे, गाळणे. तीन वर्षं मी हेच तर शिकलो होतो. ऑइल काळं होतं म्हणजे त्यात कण मिसळतात. कण म्हणजे गाळ. गाळ काढला की ऑइल पुन्हा पहिल्यासारखं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढ्या वर्षांत शिक्षणावर घातलेला सगळा खर्च आज वसूल झाला.

प्रयोग गच्चीवर केला. खालचा बोल्ट काढून ऑइल घमेल्यात घेतलं, त्यात माझा एक शर्ट गेला. मग ते कॅनमध्ये तीन दिवस निवळायला ठेवलं. चौथ्या दिवशी मामीच्या मलमलच्या चार घड्या करून नरसाळ्यावर बसवल्या आणि वरून धार धरली. ऑइल इतक्या सावकाश गळत होतं, की मामा दोनदा जेवून आले. फडक्यावर काळा थर साचला. तो बघून मामांना जो आनंद झाला त्याचं वर्णन करता येणार नाही. "एवढी घाण होती आत," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, जणू एखाद्या लेकराच्या पोटातून जंत पडले असावेत. खाली जमलेलं ऑइल काळंच होतं. पण मला ते जरा चकचकीत वाटलं.

मी एका वहीत सगळं रीतसर लिहिलं, कॉलेजच्या जर्नलसारखं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. शेवटी "अनुमान : ऑइल शुद्ध झाले" असं लिहून खाली रेघ मारली. ऑइल परत गाडीत ओतलं. मामांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तिचा तो स्वभावच होता, रोज सकाळी ती तशीच सुरू व्हायची. पण त्या दिवशी ते श्रेय माझं ठरलं.

बातमी जिन्यातून वर गेली. मामा दर मजल्यावर थांबून सांगायचे, "आमचा भाचा बी.एस्सी. आहे. ऑइल बदलायचं काम नाही, शुद्ध करून देतो." आमच्या बिल्डिंगमध्ये मामांची गाडी धरून सात वाहनं होती. आधी आले सेक्रेटरी साळवी, चिपळूणकडचे, बँकेत काम करणारे. मग तळमजल्यावरचे मुकादम चाचा आले. ते मूळचे मोरा गावचे, भांड्यांचं दुकान होतं आणि माल पोचवायला एक व्हॅन. "अरे बेटा, माझ्या व्हॅनचं पण बघ," ते म्हणाले. "रोज चालते बिचारी." पुढच्या दोन-तीन महिन्यांत सातही गाड्या झाल्या. रविवारी गच्चीवर कॅनची रांग लागायची. प्रत्येकावर मी फ्लॅट नंबरची चिठ्ठी चिकटवायचो. मामीची मलमल संपली, तेव्हा तिनं आपली एक जुनी सुती साडी कापून दिली.

आणि लोक मला "सर" म्हणू लागले. हे वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण आठ ठिकाणांहून "कळवतो" ऐकून आलेल्या माणसाला जिन्यात कुणी "सर, माझं झालं का गाळून?" असं विचारलं, तर त्याला दोन पायऱ्या उंच झाल्यासारखं वाटतं. मामांचंही तसंच झालं. इतकी वर्षं सोसायटीच्या सभेत ते मागच्या रांगेत बसून सही करून यायचे. आता साळवी घरी चहाला आले, एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दौलतराव, यंदा कमिटीवर तुम्ही यायचं. रविवारी सभा आहे. मी नाव सुचवतो, कोण विरोध करणार नाय." साळवी गेल्यावर मामा बराच वेळ त्याच खुर्चीवर बसून राहिले. मग मामीला म्हणाले, "पांढरा शर्ट इस्त्रीला दे."

त्याच आठवड्यात सकाळी सातच्या आवाजात बदल झाला. गाडी सुरू झाली, पण आतून टकटक, टकटक असं काहीतरी येऊ लागलं. मामा म्हणाले, थंडी आहे. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, तरी टकटक. शुक्रवारी ते ऑफिसला गेल्यावर मी वही काखेत मारली, मामीला सांगितलं आणि सारसोळ्याच्या वाटेवर काशिनाथचं गॅरेज होतं तिथं गेलो. नुसता विचारायला. मी त्याला ओळखत नव्हतो, तो मात्र मला ओळखत होता.

"या सर," तो म्हणाला. "तुमीच ना ते सायन्सवाले?" काशिनाथ जासईचा. त्याच्या आज्याची, बापाची मिठागरं होती. आता तिथं कंटेनर उभे राहतात. तो पत्र्याच्या शेडबाहेर स्टुलावर बसून भाकरीबरोबर सुकट खात होता. हात धुऊन तो माझ्याबरोबर बिल्डिंगखाली आला. कान लावून इंजिन ऐकलं, ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली, ऑइल ओतायचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरं, ताकावरच्या लोण्यासारखं काहीतरी बसलं होतं. ते त्यानं बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं.

"ह्या काय हाय, लिवलंय का वहीत?"

वहीत ते नव्हतं. मी त्याला माझी कृती वाचून दाखवली. निवळणे, ओतणे, चार पदरी गाळणे. तो शांतपणे ऐकत होता. मग बॉनेटखाली वाकून त्यानं एका बसक्या डब्यावर टकटक केली. "सर, ह्यो फिल्टर. कंपनीनं आदीच दिलाय. गारी चालू असली की ऑइल ह्याच्यातून गाळूनच फिरतं. तुमी गाळलेलंच परत गाळलं."

"पण फडक्यावर इतका गाळ निघाला," मी म्हणालो.

त्यानं वर्तमानपत्राचा तुकडा फाडला. माझ्या ऑइलचा एक थेंब त्यावर टाकला आणि गॅरेजातून आणलेल्या बाटलीतल्या नव्या ऑइलचा एक थेंब शेजारी. नवा थेंब पसरून कागद नुसता पारदर्शक झाला, खालची अक्षरं दिसू लागली. माझा थेंब मध्ये काळाकुट्ट बसला, त्याच्याभोवती एक तपकिरी कडं आलं. तो म्हणाला, "काला रंग कपऱ्यात अडकत नाय. जे झिजलंय ते आतच झिजलंय. ऑइलमदी पेट्रोल उतरलंय, पानी उतरलंय." मी तरीही काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेव्हा त्यानं मला विचारलं, अगदी सहज, जसं कुणी वेळ विचारतं तसं, "सर, खाऱ्या पान्याला फडका लावला तर मीठ अडतं काय?"

नववीच्या पुस्तकात हे पहिल्याच धड्यात होतं. विरघळलेला पदार्थ गाळणीत राहत नाही, उदाहरणार्थ मीठ. मी त्या धड्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. या माणसाच्या तीन पिढ्यांनी पाणी आटवून मीठ काढलं होतं आणि त्याला पुस्तकाची गरज पडली नव्हती. पुढे मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी हा धडा आला की मी उदाहरण मिठाचंच द्यायचो आणि मुलांना कधी सांगितलं नाही की ते मी कुठं शिकलो. आता लिहून टाकतो.

"मग किती दिवसांनी बदलायचं?" मी विचारलं.

"चालली तर पाच हजार. नाय चालली तर सा महिने. तुमच्या मामाच्या गारीला तर सा महिने म्हंजे सा महिने. ती मार्केटला जाते आन येते, रोज सकाली जागच्या जागी घुरघुरते. इंजिन तापायच्या आदी बंद. मंग आतलं पानी सुकनार कवा? जी जास्ती उभी असते ना सर, तिचं ऑइल जास्ती सांभालायचं." त्यानं झाकण पुसून लावलं. "वाचलीय गारी. मामा चालवत नाय म्हनून वाचली. पन आता चालू नका करू, सोमवारी आना ढकलत."

"आणि बाकीच्यांच्या? सहा गाड्यांना मीच गाळून दिलंय."

काशिनाथनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. "बाकीच्यांचं टेन्शन नका घेऊ तुमी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मला ती त्याची माणुसकी वाटली.

संध्याकाळी मामांना सांगितलं. ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"सगळ्यांचीच गाडी बिघडणार?"

"आज ना उद्या. चाचांची व्हॅन तर रोज चालते."

मामा बराच वेळ भाकरीचे तुकडे करत राहिले, खात मात्र नव्हते. मग म्हणाले, "रविवारी सभा आहे. सभा झाल्यावर सांग. सोमवारी सांग."

मी मान हलवली. मला त्यांना नाही म्हणता येणं शक्य नव्हतं. पण मामीनं चुलीसारखा गॅस मोठा करून वर तवा ठेवला आणि पाठ फिरवूनच बोलली, "सभेच्या आधीच सांगा. खुर्चीवर बसवून मग उठवलेलं लई वाईट दिसतं."

मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. हात धुतले, खाली गेले आणि बंद गाडीत जाऊन बसले. मी ग्रिलमधून बघत होतो. अर्ध्या तासानं वर आले आणि म्हणाले, "सभेत सांग. एकदाच सगळ्यांना. दारोदार जाऊ नको, लाज वाटंल तुला." शर्ट मात्र त्यांनी इस्त्रीला टाकलेला परत मागवला नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मामा पांढऱ्या शर्टात दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला. साळवींनी मागच्या सभेचा वृत्तान्त वाचला, टाकीची दुरुस्ती झाली, लिफ्ट असावी की नसावी यावर नेहमीचं भांडण झालं. मग कमिटीचा विषय आला. साळवी नाव घेणार एवढ्यात मी उभा राहिलो. हातात वही होती. मी म्हणालो, की मी एक चूक केली आहे. ऑइल गाळून शुद्ध होत नाही. मी सहा जणांच्या गाड्या धोक्यात घातल्या आहेत. सगळ्यांनी सोमवारीच ऑइल बदलून घ्यावं. यात माझ्या मामांचा काही दोष नाही, त्यांनी माझ्या डिग्रीवर विश्वास ठेवला.

मला वाटलं आता कुणीतरी उठून ओरडणार. साळवी आपल्या कागदांकडे बघत होते. मुकादम चाचांनी टोपी काढली, परत घातली.

"बेटा, बस खाली," शेवटी चाचा म्हणाले. "माझ्या व्हॅनला काय नाय झालं. तू गाळून दिलंस ना, दुसऱ्याच दिवशी मी काशिनाथकडे नवं टाकून घेतलं."

"नवं? मग माझं?"

"तुझं दुकानाच्या शटरला लावतो. शटर एकदम मक्खन चालतं."

साळवींनी घसा खाकरला. "आता विषय निघालाच आहे तर, मी पण. काशिनाथनं पट्टी बघितली आणि हसायला लागला. तुझं ऑइल मी गावी नेलं. गोठ्याच्या वाशांना फासलं, वाळवी लागत नाय." मग चौथ्या मजल्यावरच्यांचा हात वर आला, मग दुसऱ्या मजल्यावरच्यांचा. एकानं ऑइल मोरीखाली ठेवलं होतं, एकानं सायकलच्या चेनला घातलं होतं. सहाच्या सहा जणांनी माझ्याकडून गाळून घेतलं होतं, "थँक्यू सर" म्हटलं होतं आणि गुपचूप काशिनाथकडे जाऊन नवं भरून घेतलं होतं. काशिनाथला सगळ्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं.

"मग मला सांगितलं का नाही कुणी?" मी विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता, हे मला आठवतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

"कसं सांगणार?" साळवी म्हणाले. "तुला नोकरी नाय. आणि दौलतराव जिन्यात ज्या तोंडानं सांगायचे, त्या तोंडावर कोण सांगणार? माझी बायको म्हणाली, एक कॅन ऑइल गेलं तरी चालेल."

मामा सावकाश उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"म्हणजे फक्त माझ्याच गाडीत ते होतं?"

चाचांनी पुन्हा टोपी काढली.

मामा म्हणाले, "कमिटीवर माझं नाव नका घेऊ, साळवीसाहेब. ज्यासाठी घेत होता ते तर शटरला लागलं."

"ऑइलसाठी कोण घेत होता?" साळवी जरा चिडूनच म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात पाणी कमी दाबानं यायचं, तेव्हा रोज पहाटे टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायला कोण उठायचं? वॉचमन? बसा खाली, दौलतराव. कोणाचा विरोध आहे का?" कुणाचा नव्हता. साळवींनी लिहून घेतलं. मामा खाली बसले ते जवळजवळ खुर्ची चुकवूनच.

जिना उतरताना ते माझ्यापुढे होते. तिसऱ्या मजल्यावर आलो. मी म्हणालो, "मामा, माफ करा. सगळ्यांत तुम्हीच एकटे फसलात."

"फसलो कुठं?" ते दारात चपला काढत म्हणाले. "त्यांचा तू भाचा नाहीस. ते जाऊन तपासून बघतील. मी का बघू?" आणि आत मामीला सांगायला गेले, की नाव आलं. मामीनं त्या दिवशी ठेचा अजिबात वाढला नाही. शिरा केला होता.

सोमवारी मामांनी अर्धी रजा घेतली. आम्ही दोघांनी गाडी ढकलत नेली. वाटेत चाचांनी व्हॅन थांबवली आणि तेही उतरून मागून हात लावायला आले. काशिनाथनं जुनं ऑइल काढलं, तो बसका डबा बदलला, नवं ऑइल ओतलं. किल्ली फिरवली तेव्हा टकटक नव्हती. मामा इंजिनासमोर हाताची घडी घालून उभे होते. काशिनाथनं पाना पुसत त्यांना विचारलं, "आता पुढचं ऑइल कवा बदलायचं, ध्यानात हाय ना?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग वळून माझ्याकडे. "किती रे?"

ज्याच्याकडून मी ते शिकलो होतो तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "सहा महिने," मी म्हणालो. "चालली नाही तरी."

"सहा महिने," मामांनी काशिनाथला सांगितलं. "हा म्हणतोय."

काशिनाथनं माझ्याकडे बघितलं, पाना खोक्यात टाकला आणि मान डोलावली. "बरं," तो म्हणाला. "सर म्हनतात तर सा महिने."